आपल्या मेहकरची हवा आणि आपली परसबाग

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरगावचा एखादा वक्ता बोलवावा आणि आपण सतरंजीवर बसून ऐकावे, अशी आपली रीत. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की, आपल्यातल्याच काहीजणींनी आपापल्या हातच्या कामाविषयी बोलावे. माझ्या वाट्याला परसबाग आली. शेतकी शाळेतले शिक्षण माझ्याजवळ नाही. तेव्हा जे बोलेन ते खुरप्याने शिकवलेले, आणि थोडे वाचून-विचारून घेतलेले. ते गोड मानून घ्यावे.

परसबागेचे फायदे मी सांगत बसत नाही. ताजी भाजी मिळते, चार पैसे वाचतात, देवाला फूल घरचे होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मला आज एवढेच सांगायचे आहे की, झाडाचे रूप पाहण्याआधी आपल्या गावाची हवा पाहावी. आणि आपल्या गावाची हवा पाहायची म्हणजे आपला वैशाख पाहायचा. जे झाड मेहकरचा वैशाख काढील ते घरचे. बाकीची सगळी पाहुणी. पाहुण्यांचे चार दिवस कौतुक करावे, पण त्यांच्या भरवशावर घर चालवू नये.

हे एवढे निक्षून सांगण्याचे कारण आहे. दिवाळीनंतर हवा गार झाली की रोपांच्या गाड्या गल्लीबोळांतून फिरू लागतात. त्या गाडीवरची रोपे दृष्ट लागण्यासारखी टवटवीत असतात. मोरपंखी, रंगीत पानांचे क्रोटन, टपोऱ्या कळीचे गुलाब. आपण हौसेने दोन-चार घेतो. होळीपर्यंत ती बरी दिसतात. गुढीपाडव्याला पानांच्या कडा करपतात, आणि अक्षय तृतीयेला नुसती कुंडी राहते. मग घरात म्हणतात, “हिच्या हाताला झाड लागत नाही.” कित्येक बायका स्वतःही तसेच मानून खुरपे खाली ठेवतात. भगिनींनो, हात वाईट नसतो. ते रोप हिरव्या जाळीच्या सावलीत, दमट हवेत, रोज फवारे खाऊन वाढलेले असते. त्याला कुणी आपल्या अंगणातल्या उन्हाची कल्पना दिलेली नसते.

यात रोपाचे पैसे जातात ते जातातच, पण त्याहून मोठे नुकसान पाण्याचे होते. चैत्र-वैशाखात न जगणाऱ्या झाडाला जगवण्यासाठी आपण रोज बादलीभर पाणी घालतो. ते पाणी कुणाच्या डोक्यावरून, कुणाच्या कमरेवरून आलेले असते, हे या सभेत मी सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. अगदी अलीकडे, २०२३ साली, राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपला शेजारी लोणार तालुका होता आणि बुलढाणाही होता. अशा मुलखात कोणत्या झाडाला पाणी घालायचे, हा हौसेचा प्रश्न राहत नाही. तो घरच्या हिशेबाचा प्रश्न होतो.

आता थोडे बाहेरच्या जगाचे सांगते. फुलांच्या बियांची परदेशी पाकिटे हल्ली बाजारात मिळतात. त्यांवर ‘झोन’ असे लिहून पुढे आकडा घातलेला असतो. मोबाइलवरही बागेची माहिती पाहायला जावे, तर “आपला झोन ओळखा” असे सांगतात. हा झोन म्हणजे काय, ते मी माझ्या मुलाकडून समजून घेतले.

अमेरिकेच्या शेतीखात्याने १९६० साली त्या देशाचा एक नकाशा काढला. हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्री कोणत्या भागात पारा सरासरी किती खाली उतरतो, ते पाहून देशाचे पट्टे पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. दहा-दहा फॅरनहाइट अंशांचा एकेक पट्टा, असे आता तेरा पट्टे आहेत. तिकडे उत्तरेच्या भागात पारा शून्याखाली तीस-तीस अंश जातो, जमीन दगडासारखी गोठते, आणि मऊ झाडे मुळासकट मरतात. म्हणून झाड विकत घेताना ते कोणत्या पट्ट्यापर्यंत थंडी सोसेल, हे आधी पाहावे लागते. नकाशा वेळोवेळी दुरुस्तही करतात. २०२३ साली तो नव्याने काढला, तेव्हा जवळजवळ अर्धा देश अर्ध्या पट्ट्याने उबदार झालेला आढळला. हवा बदलते आहे, ती तिकडेही बदलते आहे.

युक्ती मोठी शहाणपणाची आहे, पण ती आपल्या कामाची किती? आपल्याकडे पौष महिन्यात पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. आपण शेकोटी करतो, पण त्या थंडीने झाड सहसा मरत नाही. त्या नकाशाच्या हिशेबाने पाहिले तर मेहकर अगदी वरच्या क्रमांकाच्या उबदार पट्ट्यांत जाऊन बसते, आणि मुंबई आपल्याला शेजारीण होते! आता मुंबईला दमट समुद्रवारा आणि दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. तिथे नारळ आपोआप वाढतो. थंडीचा आकडा जुळला म्हणून तोच नारळ आपल्या दारी तसाच वाढेल काय? त्याला थंडी मारणार नाही, आपल्या कोरड्या झळा मारतील.

ही उणीव त्या लोकांच्याही लक्षात आली होती. १९९७ साली तिथल्या अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने उन्हाचा वेगळा नकाशा काढला. वर्षातून किती दिवस पारा तीस अंशांच्या वर जातो, हे मोजून त्याचे बारा पट्टे केले. आपल्याकडे तर माघ संपता संपता पारा तिशी ओलांडतो, तो मृग लागेपर्यंत बहुतेक रोजच तिशीच्या वर असतो, आणि मे महिन्यात चाळिशीही ओलांडतो. मात्र नुसत्या उन्हाच्या आकड्यानेही काम भागत नाही. ऊन आणि कोरड यांची जोडी झाली की झाड जाते. पान हवेत पाणी सोडते आणि मुळे ते जमिनीतून ओढून पुरे करतात. झळा लागल्या की पान जास्त पाणी सोडू लागते, आणि त्याच दिवसांत जमीन कोरडी होते. जमा थांबली आणि खर्च वाढला की कोणतेही घर बुडायचेच.

मग आपल्या हवेचे कुणी मोजमाप केलेच नाही काय? केले आहे. शेतीच्या दृष्टीने महाराष्ट्राचे नऊ हवामान-विभाग पाडलेले आहेत. त्यांत आपला बुलढाणा जिल्हा बहुतेक ‘निश्चित पावसाच्या’ विभागात मोडतो. वर्षाला साधारण ७०० ते ९०० मिलिमीटर पाऊस, असा त्या विभागाचा हिशेब. हे ‘निश्चित’ नाव ऐकून आपल्यातल्या शेतकरीण भगिनींना हसू येईल! पण पाऊस पडतो हे खरे आहे. तो पडतो मृगापासून हस्तापर्यंत. चार महिने देणे आणि आठ महिने वाट पाहायला लावणे, हा त्याचा स्वभाव. आपली बाग या स्वभावाशी जुळवून घ्यायची आहे.

जिल्हा एक असला तरी हवा एक नाही, हे आपल्या जुन्या माणसांना नकाशाशिवाय कळत होते. म्हणून तर आपण ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे म्हणतो. वऱ्हाडाचे बालाघाट आणि पायनघाट हे भाग फार जुने आहेत. मेहकर घाटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर. बुलढाणा त्याहून उंच. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद ही घाटाखाली. हजार मीटर चढले की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, असा हिशेब आहे. त्यावरून आपल्यात आणि घाटाखालच्या गावांत दीड-दोन अंशांचा फरक सहज पडतो. पाण्याचाही फरक आहे. घाटाखाली पूर्णा नदीच्या काठी खारपाण पट्टा आहे, तिथे विहिरीचे पाणी खारे. आपली पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून इकडे येते, आपल्याकडे तो खारेपणा नाही. म्हणून शेगावच्या बहिणीच्या अंगणात जे जगले ते आपल्याकडे जगेल, आणि आपल्याकडचे तिच्याकडे जगेल, असे धरून चालू नये.

लोणारला आपण सर्वजणी जाऊन आलेल्या आहोत. त्या एकाच विवरात धारेच्या गोड्या पाण्याजवळ दाट हिरवी झाडी आहे, आणि खाली सरोवराच्या खाऱ्या काठाशी वेडी बाभूळ आणि तिच्यासारखीच काटक झुडपे. एका विवरात जर इतका फेर, तर आपल्या घराच्या चार बाजू सारख्या कशा असतील?

त्या चार बाजू आता पाहू. पूर्वेला सकाळचे कोवळे ऊन येते. गुलाब, जास्वंद, पालेभाजीचा वाफा इथे ठेवावा. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत वाफ सोडते. तिथे कुंड्या मांडू नयेत. तिथे शेवगा, सीताफळ, कण्हेर, बोगनवेल अशी धीराची झाडे लावावी, म्हणजे भिंतही गार राहते. दक्षिणेला हिवाळ्यात दिवसभर ऊन मिळते, म्हणून मेथी, सांबार, लसूण, टमाटे यांना ती बाजू चांगली. उत्तरेला थंडीत ऊन नसते. न्हाणीचे पाणी तिकडे जात असेल तर अळू, कर्दळ, पुदिना तिथे सुखाने नांदतात. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी अंगणात उभे राहून पाहा, आपली सावली पायाखालीच येते. सूर्य तेव्हा बरोबर आपल्या डोक्यावर असतो. त्या दिवसांत भिंतीची सावली कामाला येत नाही. पऱ्हाटीचा किंवा तुऱ्हाटीचा विरळ मांडव घातला तरच वाफा वाचतो.

आता मातीकडे येऊ. आपली काळी जमीन ओल धरून ठेवते, हा तिचा गुण. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, हा तिचा दोष. भेगा पडल्या की बारीक मुळे तुटतात आणि खालची ओल भेगांतून उडून जाते. म्हणून फाल्गुनातच आळे वरवर खुरपून भेगा बुजवाव्या आणि त्यावर कुटाराचा चार बोटे जाड थर द्यावा. सोयाबीनचे, तुरीचे, कोणतेही कुटार चालते. शेतातून घरी एक पोते आणले तर उन्हाळाभर पुरते. हा थर खोडाला मात्र चिकटवू नये, वाळवी लागते. पावसाळ्यात याच जमिनीत पाणी साचून मिरची आणि पपई मुळाशी कुजतात. त्यांना वीतभर उंच वरंबा करूनच लावावे.

ज्यांच्या अंगणात चुनखडीची पांढरट माती आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे गुलाबाची, लिंबाची, गोडलिंबाची कोवळी पाने पिवळी पडतात, आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असूनही चुन्यामुळे ते झाडाला घेता येत नाही, म्हणून तसे होते. बायका अशा झाडाला आणखी राख घालतात. राखेने तो दोष वाढतो. तिथे राख न घालता कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत भरपूर घालावे.

विकतच्या रोपाची आणखी एक गोम आहे. त्याच्या पिशवीत तांबडी माती किंवा नारळाचा भुसा असतो. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला, तर बाहेर ओल आणि आत कोरडे अशी स्थिती होते, आणि मुळे गोळ्यातच गोल फिरत राहतात. लावण्याआधी तो गोळा भिजवून हलक्या हाताने मोकळा करावा. बाहेरून आणलेले रोप आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळच्या उन्हात, आणि मग जागेवर, असे हळूहळू सवयीचे करावे. नवी सून आल्या दिवशीच चुलीपुढे बसवू नये, तसेच हे.

आता वेळेविषयी. परदेशी नकाशात झाड कुठे लावावे ते सांगितलेले असते. आपल्या नक्षत्रांत केव्हा लावावे ते सांगितलेले आहे, आणि आपल्याला तेच जास्त उपयोगाचे. खड्डे चैत्र-वैशाखात खणून उन्हात तापू द्यावे, म्हणजे हुमणी आणि किडीची अंडी मरतात. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो. पण पहिल्या सरीला भुलून रोप लावू नये. दोन-तीन पाऊस होऊन वीतभर खाली ओल गेली, की मगच लावावे. या वेळी लावलेल्या झाडाला पावसाळ्याचे चार आणि थंडीचे चार असे आठ महिने मुळे खोल घालायला मिळतात. मग वैशाख आला तरी ते स्वतःचे पाणी स्वतः शोधते. तेच झाड माघात लावले तर त्याला जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. त्याची मुळे वितीच्या खाली गेलेली नसतात, आणि त्याला रोज पाजावे लागते.

भाज्यांचेही तसेच. मृग-आर्द्रात दोडके, गिलके, कारले, भेंडी, गवार, बरबटी आणि आपली आंबाडी. वांगी-मिरचीची रोपे त्याच सुमारास टाकावी. हस्त-चित्रात मेथी, पालक, मुळा, सांबार, चुका, चाकवत, कांदा-लसूण. संक्रांतीनंतर थंडी ओसरली की भेंडी, गवार, काकडी, डांगर, तेही पाणी असेल तेवढेच. चैत्राच्या शेवटापासून नवे काही पेरू नये. वैशाख हा बागेच्या विश्रांतीचा महिना आहे. आपल्याला उन्हाळ्यात दुपारी आडवे व्हावेसे वाटते, तसे जमिनीलाही वाटत असेल.

आता वैशाख काढणारी आपली माणसे, म्हणजे झाडे, कोणती? शेवगा पहिला. त्याची फांदी लावली तरी जगते, शेंग मिळते, आणि पाल्याची भाजी होते. त्या पाल्यात लोह आणि चुना दोन्ही आहेत, आणि आपल्या घरच्या मुलींना दोन्हींची गरज आहे. सीताफळ दुसरे. ते उन्हाळ्यात सगळी पाने गाळून खराट्यासारखे उभे राहते. झाड मेले समजून कुणी ते उपटू नये. पाने टाकून ते आपले पाणी वाचवते, आणि पावसाच्या सुमारास पुन्हा फुटते. कडुनिंब, बोर, कवठ, आवळा ही मोठ्या परसात. कागदी लिंबाला पहिली दोन वर्षे जपावे लागते, मग ते आपल्याला जपते. फुलांत मोगरा तर भर उन्हाळ्यातच फुलतो, त्याची छाटणी तेवढी पौष-माघात करावी. कण्हेर, सदाफुली, गोकर्ण, पारिजातक यांची कधी फार तक्रार नसते. झेंडू-शेवंतीचा मान ऋतूपुरता. गुलाब लावूच नये असे मी म्हणत नाही. एखाददुसरा लाडाचा असावा. घरात चार काम करणारे असले म्हणजे एक लाडावलेला पोसता येतो.

पाणी घालण्याची रीत थोडक्यात सांगते. दुपारी पान माना टाकते म्हणून लगेच तांब्या घेऊन धावू नये. संध्याकाळी ते आपोआप वर आले तर झाड नुसते दमले होते, तहानलेले नव्हते. सकाळीही पान लोंबलेलेच दिसले तर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपल्याने मुळे वरच राहतात. चार दिवसांनी एकदा, पण पोटभर, असे दिल्याने ती खोल जातात. लिंबाजवळ किंवा नव्या झाडाजवळ जुना झिरपणारा माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवावा, पाणी भरून वर झाकण ठेवावे. अक्षय तृतीयेला आपण नवी घागर पूजतो, आदल्या सालचा माठ घरात पडून असतोच, तो या कामी येतो. माठाला रंग दिलेला नसावा. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी कुठल्याही झाडाला चालते. कपड्यांच्या सोड्याचे पाणी मात्र केळ-कर्दळीशिवाय कुणाला घालू नये.

बियांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. वेलावरची पहिली चांगली दोन फळे बियाण्यासाठी राखावी, खुणेला दोरा बांधावा, आणि पुरी वाळली की राखेत घालून डब्यात ठेवावी, ही आपल्या आज्या-सासवांची रीत. तिच्यात मोठा अर्थ आहे. ज्या वेलाने आपल्या अंगणातले ऊन सोसून फळ धरले, त्याच्या बियांना या हवेची ओळख असते. दर साली तसेच बी राखत गेले, की ते बी मेहकरचे होते. बाजारातल्या संकरित बियांचे फळ पहिल्या साली जोरात येते, पण त्याचे बी पुन्हा पेरले तर तसे उतरत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात (आपले अकोला नव्हे) कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी भाज्यांची आणि धान्यांची बियाणी गोळा केली, लावून वाढवली, बायाबायांत वाटली. त्यांना लोक बीजमाता म्हणतात, आणि सरकारने २०२० सालची पद्मश्री त्यांना दिली. त्यांनी जे केले त्याची सुरुवात डब्यातल्या मूठभर बियांपासूनच होते. तसे डबे आपल्याही घरोघरी होते. आता मसाल्याच्या डब्यांमागे शोधावे लागतात, पण अजून सापडतात.

शेवटी मंडळापुढे चार सूचना मांडते, आणि त्यांचा विचार व्हावा अशी विनंती करते.

पहिली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून रोप देण्याची चाल हल्ली सगळीकडे पडली आहे. हेतू फार चांगला आहे, पण वेळ चुकीची आहे. संक्रांतीचे रोप तीन महिन्यांत वैशाखाच्या तोंडी जाते. त्या वाणात आपण भेंडी-गवार-डांगराच्या गावठी बियांची पुडी द्यावी. माघात टाकली तर उन्हाच्या कडाक्याआधी भाजी हाती येते.

दुसरी. रोपे द्यायची ती वटपौर्णिमेला द्यावी. ती बहुधा जूनमध्ये, मृगाच्या सुमारासच येते. ज्या सणाला आपण झाडाला सूत गुंडाळतो, त्या सणाला झाड लावण्याइतके योग्य दुसरे काय? वडाची फांदी तोडून आणून पुजण्यापेक्षा शेवग्याची फांदी लावून घर भरले, तर सावित्रीला राग येणार नाही.

तिसरी. मंडळाच्या कपाटात बियांचा एक डबा असावा. जिच्याकडे जे गावठी बी आहे तिने त्यातली मूठभर द्यावी, पुडीवर नाव आणि साल लिहावे. जी नेईल तिने पुढच्या साली दुप्पट परत करावे.

चौथी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मंडळाने एक वही घालावी. प्रत्येकीने त्यात लिहावे की, कोणते झाड, घराच्या कोणत्या बाजूला, कसल्या मातीत, कोणत्या नक्षत्रात लावले, आणि वैशाख अमावास्येला ते जिवंत होते की नाही. त्या वर्षी पहिला चांगला पाऊस केव्हा आला, तेही लिहावे. अमेरिकेचा नकाशा तिकडच्या थंडीच्या नोंदींवरून झाला. आपला नकाशा आपल्या वैशाखाच्या नोंदींवरून होईल. पाच-सात वर्षे वही नेमाने भरली, तर नव्याने लग्न होऊन मेहकरात आलेल्या मुलीला कोणत्या गाडीवाल्याला विचारावे लागणार नाही. ती वही उघडेल आणि तिला कळेल की, या गावात काय जगते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले जाणते लोकही अशी वही पाहिली तर आपल्याला अधिक चांगले सांगू शकतील, कारण मग आपल्याजवळ विचारायला नेमका प्रश्न असेल.

वहीचे पहिले पान मी आखून आणले आहे, ते चिटणीसबाईंच्या स्वाधीन करते.  शारंगधर बालाजीच्या कृपेने यंदाचा मृग वेळेवर येवो आणि आपल्या सर्वांच्या अंगणातले झाड न् झाड पुढचा वैशाख काढो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.